शीतकोठीतल्या बर्फाची निरवानिरव

मी, हिरा सीताराम ओव्हाळ, वय अडुसष्ट, निवृत्त हिमशास्त्रज्ञ, राहणार विश्रांतवाडी, पुणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. हृदय थकलं आहे, डोकं नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहता फ्लॅट माझ्या स्वकष्टाचा. तो धाकटा भाऊ संजय याची मुलगी चैताली हिला मिळावा. संजयने त्यावर हक्क सांगू नये. मी पहिल्यांदा हिमालयात निघाले तेव्हा लोणी काळभोरच्या घरी तो सर्वांदेखत म्हणाला होता, "अक्का, तिथं तुला कोण विचारतंय?" मी ते विसरलेले नाही.

२. बर्फकुऱ्हाड, तंबू आणि बूट कचरू साळवे यांना द्यावेत. ते आमच्या प्रयोगशाळेतले मदतनीस. प्रत्येक मोहिमेत माझ्याबरोबर होते. गुडघे गेल्यामुळे त्यांना यांचा उपयोग नाही. तरीही द्यावेत.

३. मी जिथे नोकरी केली त्या संशोधन संस्थेने गौरव समारंभात दिलेली शाल आणि मानपत्र संस्थेला परत करावं. कारण नोंदवून ठेवते.

हिमनदीत खोल भोक पाडून काढलेल्या बर्फाच्या कांड्या आम्ही पुण्यात आणून शीतकोठीत ठेवल्या होत्या. जुन्या हिवाळ्यांचं बर्फ त्यात थरांनी साठलेलं होतं. तपासणीचं यंत्र मंजूर होईना, त्यातच मी निवृत्त झाले. मग संस्थेने अर्धी इमारत एका सॉफ्टवेअर कंपनीला भाड्याने दिली. त्यांच्यासाठी विजेच्या तारा बदलताना शीतकोठी बंद पडली, आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही.

समारंभाच्या सकाळी मी आणि कचरू कांड्या बघायला गेलो. दार उघडताच पाणी पायांवर आलं. कचरू तिथेच खाली बसले.

संचालक आले. म्हणाले, "मॅडम, पाहुणे खोळंबलेत. हे नंतर बघू."

"नंतर काय बघणार?"

"पण तुमचे आकडे कॉम्प्युटरवर आहेत ना?"

"आकडे काढायचेच राहिले होते."

त्यांनी शिपायाला फरशी पुसायला सांगितलं. मी व्यासपीठावर जाऊन बसले. भाषणं झाली, शाल पांघरली गेली, मी हात जोडले. दुसरं काय करायला हवं होतं, ते मला आजही सुचत नाही.

४. त्यातलं कॅनभर पाणी कचरूंनी भरून आणलं. ते गच्चीत आहे. थर मिसळले, आता त्याला शास्त्रीय किंमत नाही. झाडांना घालावं.

५. शेवटचं काम चैतालीवर सोपवते. हिमनदीखालच्या गावात डोलमा नावाची बाई राहते. मोहिमेत आम्ही तिच्याच घरी उतरायचो. शेवटच्या खेपेस तिने विचारलं होतं, "आमच्या ओढ्याला पाणी राहील का? मुलाने इथे घर बांधावं, की खाली उतरावं?" मी म्हणाले, "हे बर्फ तपासलं की सांगते." तिने बांधकाम थांबवलं. अजूनही थांबवलेलंच असणार. तिथे फोन लागत नाही, पाठवलेली पत्रं परत आली आणि त्या उंचीवर मला आता जाता येत नाही.

चैतालीने जाऊन सांगावं की बर्फ वितळलं, वाट बघू नका. घराचं पुन्हा विचारलं, तर आत्याला ठाऊक नव्हतं, असं सांगावं.

हे मृत्युपत्र मी दोन्ही साक्षीदारांसमक्ष वाचून त्यावर सही केली. त्यांनीही माझ्यासमक्ष सह्या केल्या.

(सही) हिरा सीताराम ओव्हाळ

साक्षीदार:
१. (सही) पद्मजा वसंत रणपिसे, शेजारी
२. (सही) महिपती भाऊराव जगताप, औषध दुकानदार

पुणे, ९ नोव्हेंबर २००६