वाळ्याच्या शेतातून विहीणबाईंना

सौ. विहीणबाईंना,

सप्रेम नमस्कार. विनंतीही आहे, पण ती विशेष असल्यामुळे शेवटी येईल. थंडीत तुमचे गुडघे आणि व्याहीबुवांचा स्वभाव दोन्ही आखडतात, असं तुम्हीच म्हणाला होतात. आता दोन्हींना उतार असेल अशी आशा करते. मी धडधाकट आहे. कंबर सोडून.

मी इथे यायचं, चार शब्द समजावून सांगायचे आणि दोघांना वाळ्याच्या नादातून सोडवून शहरात नोकरीवर परत आणायचं, असं आपलं ठरलं होतं. (तुम्ही गेलात तर सून ऐकणार नाही, मी गेले तर जावयाला नाही म्हणता येणार नाही, हा हिशोबही तुमचाच.) बसमध्ये मी सगळं भाषण घोकलं. पोचले तर दोघं शेतात, चिखलाने अशी माखलेली की माझी लेक कुठली आणि तुमचा मुलगा कुठला हे आवाजावरून ओळखावं लागलं. वाळा काढायला झाला होता. या गवताचं सगळंच उलटं बघा. वर माणसापेक्षा उंच वाढतं, पण पात्यांना वासाचा पत्ता नाही. वास सगळा मुळांत, आणि मुळं पार खोल गेलेली. मूळ तुटून मातीत राहिलं की त्यातलं तेलही मातीतच. हे मला काय ठाऊक! दोघं लवकर मोकळी झाली तर बोलता येईल, म्हणून मी एक जुडगा धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढला. पाती माझ्या हातात, मुळं जमिनीत आणि मी उताणी, आकाश बघत. जावईबापूंनी मला उठवलं, पाठीवरची माती झटकली आणि इतक्या अदबीने हातात फावडं दिलं की भाषण बाजूला ठेवून मी खणायलाच लागले.

मुळं धुतली की सावलीत वाळवायची, आणि सावली म्हणजे घर. सोफ्यावर मुळं, टेबलावर मुळं, इस्त्रीच्या कपड्यांशेजारी मुळं. बसायचं कुठे असं विचारलं तर लेक म्हणाली की बसायला वेळ कुणाला आहे. मग भट्टी लागली. टाकीत मुळं, खालून वाफ, ती नळीतून गार होत भांड्यात थेंब थेंब उतरते. हे तेल रुसलेल्या माणसासारखं आहे. दिवसभर मनधरणी करावी तेव्हा कुठे जरासं बाहेर येतं. दुपारी दोघांचे डोळे मिटायला लागले, तेव्हा मीच त्यांना आत पिटाळलं आणि राखणीला बसले. आता विहीणबाई, माझा जन्म रुग्णालयात परिचारिका म्हणून गेला. गढूळ पाण्याचं, वर पिवळट तवंग आलेलं उघडं भांडं दिसलं तर परिचारिका काय करणार? मोरीत ओतणार, घासणार आणि पालथं घालणार. मी तेच केलं. वर उन्हातही ठेवलं. तवंग म्हणजेच तेल, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

लेक रडली. जावईबापू चिडले असते तर मला बरं वाटलं असतं. ते मोरीशी गेले, वाकून वास घेतला आणि पायरीवर येऊन बसले. म्हणाले, "आई, तुमची चूक नाही. आम्हालाच हे जमत नाहीये. उद्या जुन्या साहेबांना फोन करतो."

झालं की आपलं काम! एक शब्दही न बोलता. मी फक्त 'बरं' म्हणायचं होतं. पण त्या मोरीला, विहीणबाई, असा गार, खोल वास येत होता की डोकं शांत व्हावं. आणि लेक डोळे पुसता पुसता दुसऱ्या हाताने मुळांतले खडे वेचतच होती. माझ्या तोंडून निघालं, "जावईबापू, उठा. अर्धं शेत अजून जमिनीत आहे." हे मीच बोलले यावर माझाही विश्वास बसेना.

दुसरा घाणा नीट उतरला. (मला भांड्यापासून लांब बसवलं होतं.) अत्तराचा व्यापारी आला, त्याने बाटली हुंगली आणि डोळे मिटले, ते इतका वेळ की मी नाडी बघायला उठले. ताजं तेल जरा उग्र असतं, मुरू द्या, म्हणाला, आणि पुढचंही मलाच द्या. तो गेल्यावर दोघं एकमेकांकडे बघून हसली. लग्नानंतर इतकी मोकळी हसताना मी त्यांना प्रथमच पाहिलं.

लोभ आहेच. हे पत्र वाचूनही तो राहावा.

तुमची,
विहीण

ता.क. : आपला बेत मुलांना कळलेला नाही. मी सहज आले होते, आणि तुम्हीही सहजच येणार आहात.

ता.क. दुसरा : म्हणजे झालं असं, की ऊन तापण्याआधी उरलेलं शेत निघायला हवं, आणि मूळ न तोडता गुंता सोडवायला तुमच्यासारखा लोकरीवर बसलेला हात इथे कुणाचा नाही. तेव्हा तुमच्या वतीने मी हो म्हणून बसले आहे. व्याहीबुवांच्या वतीनेही.

ता.क. शेवटचा : "आई खरंच येईल?" एवढंच तुमच्या मुलाने विचारलं. सकाळपासून तो आतली खोली झाडतो आहे. माझ्यासाठी कुणी झाडली नव्हती.