नेमाआधीची भाकरी

आत्याबाई, तुम्ही जाऊन तीस वर्षं होऊन गेली आणि मी तुम्हाला आज पहिल्यांदा लिहितेय, कारण मला अक्षर यायलाच म्हातारपण उजाडलं. प्रौढांच्या वर्गातल्या मास्तरीणबाई म्हणाल्या, घरच्या कुणाला तरी पत्र लिहून आणा. म्हटलं, लिहावं तर सासूलाच. त्या मेंढक्याच्या बायकोचं मूल आपल्या चुकीनं गेलं, असं तुम्ही मरेपर्यंत धरून बसलात. चूक तुमची नव्हती, माझी होती. एवढं सांगायला अर्धा जन्म गेला माझा.

तेव्हा निजामाचं राज्य. दवाखाना बीडला, गाडीनं जायचं तर दीड दिवस मोडायचा, म्हणून दिंद्रुडच्या अवतीभवती कुणाचं बाळंतपण म्हटलं की तुम्हालाच बोलावणं. आणि तुमचा तो नेम! उजाडलं की पाण्याच्या घागरीवर हात ठेवून मोठ्यानं सांगायचं, आज घराबाहेरच्या कुणासाठी कोणतं एक काम करणार. आणि ते होईपर्यंत तोंडात घास घालायचा नाही. मला लई राग यायचा त्याचा. नवी होते तेव्हा मी आपलं म्हणायचे, आज शेणी थापीन. तुम्ही खो-खो हसायचात. "आगं, शेणी तू तशाबी थापणारच हायेस! त्याला नेम कशाला?" एकदा मी उसळून विचारलं होतं, पूजा कमी पडते का म्हणून हे? तर म्हणालात, "देव बसलाय देव्हाऱ्यात, त्याला कुठं जायचंय? दिवस आपल्याला काढायचाय. म्हणून सकाळीच सांगावं, मी आज कशापायी उठले." मी तोंड वाकडं केलं. सहा वर्षं झाली होती लग्नाला आणि माझी कूस काही उजवली नव्हती. मी कशापायी उठते ते मला तरी कुठं ठाऊक होतं.

त्या उन्हाळ्यात आपल्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. ओढ्याच्या कडेला मेंढक्याचं पाल, त्यात त्याची बायको, चौथ्या खेपेची. दोन दिवस आधी तुम्ही तिचं पोट चाचपून आला होतात, अजून आठवडा जाईल म्हणाला होतात. त्या सकाळी घागरीवर हात ठेवून मी आपणहून बोलले, आज मेंढकीला बघून येईन, पोट खाली उतरलं असेल तर तुम्हाला सांगेन. तुमचा चेहरा असा फुलला! "आता कसं शानीवानी बोललीस." एवढं बोलून तुम्ही नदीला गेलात.

मी गेले नाही. मी चुलीपाशी बसलेय, ताटात भाकरी आणि ठेचा, आणि मी खातेय. इतक्यात दारात गाडी थांबते, दिंद्रुडच्या एका घरची सून अडली म्हणून माणूस धावत आलाय. तुम्ही ओल्या लुगड्यानिशी आत येता, माझ्या हातातल्या भाकरीकडे बघता आणि तुमचे खांदे सैल पडतात. आपल्या घरात जी जेवतेय, तिचं काम झालं. विचारायचं कारणच नाही. "बरं झालं, मग मी जाते बिनघोर," म्हणता आणि गाडीत बसता. माझ्या तोंडात घास होता. गिळून हाक मारायला कितीसा वेळ लागतो? गाडी वेशीपर्यंत मला दिसत होती.

दुपार कलली तेव्हा तुम्ही परत आलात, तर मेंढक्या अंगणात उकिडवा बसलेला, रडून रडून घसा बसलेला. तुम्ही दिंद्रुडला गेलात एवढंच त्याला सांगून मी तशीच आत बसले होते, तुम्ही त्याच्याबरोबर निघालात तशी पळत तुमच्या मागं आले. ओढ्यापाशी मी बाहेर थांबले, तुम्ही पालात गेलात. बाई वाचली. नाळेचा फास बसून पोर गेलं होतं, हात लावायला कुणी असतं तर सोडवता आला असता. तुम्ही बाहेर येऊन मान हलवलीत, मग माझ्याकडं वळून विचारलंत, "सकाळी तू गेलतीस न्हवं?"

"गेलते," मी म्हणाले. "बरी होती. उतरलं नव्हतं पोट."

"मग माझाच अंदाज चुकला." तिथंच, त्या बाप्याच्या देखत, पालापुढं हात जोडून तुम्ही बोललात. दोन दिवस पाणीसुद्धा घेतलं नाहीत. त्यानंतर प्रत्येक बाळंतपणाला तुमची बोटं थरथरायची. लोक म्हणायचे, वय झालं. मला कळायचं ते वय नव्हे. पुढं तुमचं काम मी उचललं. रोज नेम करते, तो होईपर्यंत उपाशी राहते, गाव मला देवमाणूस म्हणतं आणि मी ते ऐकून घेते. तुमच्या शेवटच्या आजारात तीनदा सांगायला बसले. तीनदा तुमचे पाय चेपून उठले.

सगळं लिहिलं असं वाटलं होतं. नाही लिहिलं. भूक लागली होती, ऊन होतं, असं मी स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. मला तिचं भरलेलं पोट बघवत नव्हतं. तिचं वाईट व्हावं असं मनात आलं नव्हतं, तुमची शपथ. पण तुम्ही पालातून बाहेर येऊन मान हलवलीत ना, आत्याबाई, तेव्हा पापणी लवेपर्यंत मला बरं वाटलं होतं.

मास्तरीणबाईंना उद्या दुसरं पत्र लिहून देईन, भाच्याला, पावसापाण्याचं. हे नाही दाखवणार.