गेरूची दोरी

धुळे, ता. १६ जानेवारी १९६८

ती. मंजुळाअक्कास हिलालचा सा. नमस्कार. वि. वि.

आपल्या घराचा पुढचा नऊ फूट भाग जाणार, हे काल नक्की झालं. नगरपालिकेचे ओव्हरसियर पितांबरराव स्वतः येऊन सांगून गेले आणि जाताना मोठ्या खांबावर चुन्याची फुली मारून गेले. गल्ली रुंद होणार हे तुला दिवाळीतच लिहिलं होतं. तेव्हा वाटलं होतं, फार तर ओटा जाईल. नऊ फुटांत ओटा जातो, पडवी जाते आणि नानांनी पिंपळनेरच्या सागातून घडवलेला खांबही जातो. माडी त्याच खांबावर उभी आहे. खांब काढला की घरात राहणं संपलं.

पितांबरराव माणूस वाईट नाही. ते म्हणतात की गल्लीची मूळ हद्द दाखवणारी एकही खूण आता उरलेली नाही, म्हणून शेजारच्या गल्लीची रुंदी धरून मापं घेतली. मालकाने वीस फेब्रुवारीच्या आत संमती देऊन बांधकाम स्वतः मागे घेतलं तर लाकूड आपलं. नाहीतर त्यांची माणसं पाडतील.

मालक नाना, आणि नाना मोतीबिंदूसाठी तुझ्याकडे. तेवीस तारखेला ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलंय की मनाला त्रास होऊ द्यायचा नाही. म्हणून सोबतच्या संमतीच्या कागदावर त्यांची सही घे आणि घरपट्टीचा कागद आहे असं सांग. सहा वर्षं त्यांना नीट दिसलेलं नाही, आणखी महिनाभर नाही कळलं तर बिघडत नाही. ते परत आल्यावर काय सांगायचं ते मी बघतो.

तुझ्या भावजयीने, भागाबाईने, तिळगूळ पाठवलाय. कडक झालाय, असं मी म्हटलं तर मला बोलणी बसली. तूच लिही, तुझं बोलणं तिला चालतं.

मुलांना आशीर्वाद. तुझी माया आहे तशीच राहो.

हिलाल


जळगाव, ता. २१ जानेवारी १९६८

चि. हिलालला अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

सही घेतली नाही. आधी रागावून घे, मग पुढचं वाच.

मी कागद नानांच्या हाती दिला आणि तू सांगितलंस तसंच सांगितलं. त्यांनी तो अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले की घरपट्टीचा कागद एवढा जाड नसतो, हिलालचं पत्र वाचून दाखव. मला खोटं वाचता येत नाही. सगळं वाचलं, घरपट्टीचं सांग ते वाक्यसुद्धा. त्यावर ते हसले आणि म्हणाले, पोराने सुतारकी सोडून मास्तरकी धरली तरी पाचर कुठे ठोकायची ते विसरला नाही.

पण रात्री अर्धीच भाकरी खाल्ली. मला वाटलं, खांबाचं दुःख. आज सकाळी मला जवळ बसवून त्यांनी जे सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

आपल्या पडवीच्या लाकडी जमिनीखाली एक दगड आहे. त्याच्या माथ्यावर कोरलेली फुली आहे. दीडशे वर्षांपूर्वी पेठ आखली तेव्हा गल्लीची हद्द म्हणून तो रोवला, असं नानांना त्यांच्या आजोबांनी सांगितलं होतं. तेव्हा घर दगडाच्या मागे होतं. मग शेजारी हातभर पुढे आला म्हणून आजोबा हातभर पुढे आले, त्यांच्यानंतर वडील हातभर. एकोणीसशे एकतीस साली, मी चार वर्षांची असताना, शेजारच्या मदनलालशेठच्या वडिलांनी नवा ओटा बांधला. नानांनी त्याच्या कडेला गेरूची दोरी लावली, झटका मारून लाल रेघ उमटवली आणि त्या रेघेत आपला ओटा दोन हात पुढे नेला. फळ्या बसवताना दगड दिसला. त्यांनी तो बघितला आणि वर फळी ठोकली.

म्हणाले, बठ्ठं सरळ शे, पन सुरवातच चुकेल शे. रेघ सगळी सरळ, पण दोरी त्यांनी शेजाऱ्याच्या ओट्यावरून धरली, दगडावरून धरायला हवी होती. आणि पुढची तीस वर्षं मदनलालशेठच्या वडिलांना गल्ली खाल्ली म्हणून चारचौघांत बोलत राहिले. हे सगळं नाना खाली मान घालून सांगत होते. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं.

दारात उभं राहिलं की खांबापासून डावीकडची तिसरी फळी. ती काढ. खाली दगड असेल तर पितांबररावांना बोलाव. दगड खांबाच्या पुढेच आहे, असं नाना खात्रीने सांगतात. म्हणजे खांब वाचेल. आणखी म्हणाले की गल्लीच्या तोंडाशी बायका शेंदूर लावतात तो वेशीचा देव याच दगडाचा भाऊ आहे. आणि फळी काढण्याआधी मदनलालशेठना सगळं खरं सांगायचं. लपवून दगड काढायचा नाही.

ऑपरेशन ठरल्या दिवशीच आहे. तिळगूळ छान होता. तुझ्या दातांचं बघ. भागाबाईला माझा आशीर्वाद, आणि तुझ्यावरचा राग मी धरलेला नाही, तूही धरू नकोस.

अक्का


धुळे, ता. १२ फेब्रुवारी १९६८

ती. अक्कास सा. नमस्कार. वि. वि.

ऑपरेशन चांगलं झाल्याचं तुझं कार्ड मिळालं. इकडे इतकं घडलं की कुठून लिहावं कळत नाही.

आधी मदनलालशेठकडे गेलो. ते गादीवर बसून कापड मोजत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले, गज खाली ठेवला, आणि म्हणाले की वा, जीवरामनानांनी आमच्या बाबूजींना तीस वर्षं चोर ठरवलं आणि पुरावा स्वतःच्या फळीखाली ठेवला. एवढं बोलून ते उठले, चपला घातल्या आणि फळी काढायला माझ्याबरोबर आले. जाताना बायकोला, जतनबाईंना, हाक मारून सांगितलं की चल, सुताराचा देव बघायला.

तिसरी फळी काढली. खाली सदतीस वर्षांची धूळ. हाताने सारली तर काळा दगड, वर स्पष्ट फुली. जतनबाईंनी एकदा बघितलं आणि म्हणाल्या की ही फुली त्यांना ठाऊक आहे. लग्न होऊन आल्यापासून दर अमावास्येला वेशीच्या देवाच्या फुलीत त्यांनी तेल घातलंय. आम्ही सगळे तसेच गल्लीच्या तोंडाशी गेलो. शेंदराच्या थराखाली बोट फिरवलं तर तीच खोबण. अक्का, आपण लहानपणी परीक्षेला जाताना तिथेच हात जोडायचो.

पितांबरराव आले. देव ते आपली पडवी अशी दोरी ताणली. अधल्यामधल्या घरांची दारं उघडी करायला लावली आणि दोरी लोकांच्या ओट्यांवरून, पडव्यांतून, एका घरात तर पाळण्याखालून नेली. सगळी घरं दोरीच्या पुढे निघाली. आणि अंतर म्हणशील तर प्रत्येकाचं साधारण सारखंच, सहा फूट. कुणीच एकट्याने चोरी केलेली नव्हती. जो तो शेजाऱ्याशी सरळ राहायला गेला. पितांबररावांनी दोरी पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाले की ज्याने हे दगड ठेवले त्याचा हात कसा असेल. त्यांनी वर कळवलं आणि नऊचे सहा झाले. रेषा आपल्या खांबाच्या हातभर पुढून गेली. खांब राहिला. सहा फुटांच्या संमतीचा नवा कागद सोबत आहे, त्यावर नानांची सही आता खुशाल घे.

परवापासून ओळीतले सगळेच आपापलं मागे घेतायत. पत्रा काढला की मागे फळ्या, फळ्यांमागे चुन्याची भिंत, तिच्यामागे निळा रंग, आणि शेवटी कुणालाच आठवत नसलेली दारं. मदनलालशेठच्या दुकानामागे कोनाड्यांची रांग निघाली, त्यांत अजून काजळी आहे. एका घराच्या चौकटीवर दोन मोर आहेत. त्या घरातल्या म्हातारीलाही ते माहीत नव्हते. काल संध्याकाळी मी वेशीच्या देवापाशी उभा राहिलो आणि पहिल्यांदाच गल्लीचं दुसरं टोक दिसलं. तिथपर्यंत एक रेघ. छत्तीस वर्षं या गल्लीत राहतोय, पण गल्ली मी पाहिलेलीच नव्हती.

शाळेतली मुलं सुटल्यावर तिथे नुसती बघत उभी राहतात. मीही राहतो. नानांची पट्टी सुटली का ते लगेच लिही. तुझा हात आमच्या डोक्यावर असू दे.

हिलाल


जळगाव, ता. १९ फेब्रुवारी १९६८

चि. हिलालला अनेक आशीर्वाद. वि. वि.

पट्टी सुटली. जाड चष्मा मिळालाय. आधी त्यांनी माझं तोंड बघितलं आणि म्हणाले की तू आईसारखी म्हातारी झालीस. मग खिडकीशी जाऊन बसले ते जेवायलाच उठले. समोर पूर्वी मातीच्या धाब्यांची घरं होती, आता तीन मजली स्लॅबची इमारत आहे. तिला पुढे खांब नाही. नाना दोन दिवस तिच्याकडे बघत होते. हा सज्जा कशावर धरलाय, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. लोखंड आत असतं असं आमच्या ह्यांनी समजावलं, तेव्हा म्हणाले की मग कारागिराचं काम दिसणार कसं.

तुझं पत्र त्यांनी स्वतः वाचलं. मोरांच्या जागी थांबून पुन्हा वाचलं. संमतीवर सही करून दिली, ती याच पाकिटात आहे. उद्याची मुदत चुकायला नको म्हणून हे ते आजच मुद्दाम कुणाच्या तरी हाती पाठवतायत.

पण धुळ्याला चला म्हटलं की विषय बदलतात. काल बोलले. गल्लीत पाय ठेवला की आपल्या घराआधी मदनलालशेठचं दार लागतं आणि त्यांच्यासमोरून कसं जायचं ते नानांना समजत नाही. दृष्टी आली, पण त्यांना तोंड दाखवायचं धैर्य नाही, असं म्हणाले. मी काय समजूत घालणार. तुला काही सुचतं का?

इकडचा ओढा राहू दे, आणि लवकर लिही.

अक्का


धुळे, ता. २४ फेब्रुवारी १९६८

ती. नाना आणि अक्का, दोघांच्या पायांशी हिलालचा सा. नमस्कार. वि. वि.

कागद मुदतीत पोचला. अक्काचं पत्र मी मदनलालशेठना दाखवलं. विचारून दाखवायला हवं होतं, पण दाखवलं. ते म्हणाले की नानांना लिही, बाबूजी असते तर त्यांनाही गंमत वाटली असती. शिव्या दोन्ही घरांनी खाल्ल्या, गल्लीही दोघांनी खाल्ली, हिशेब मिटला. आणि त्यांचं एक काम नानांकडे अडलंय.

ते काम असं. प्रत्येक घराला रेषेच्या आत एकच पायरी बांधायची परवानगी मिळाली आहे. अकरा घरांचे गवंडी थांबलेत. जुन्या ओट्यांवरून माप धरायला आता कुणी तयार नाही. ओळीतल्या सगळ्यांनी ठरवलंय की पायऱ्यांची रेघ जीवरामनानांनी मारायची, त्यांच्याच दोरीने. दोरी मला तुमच्या हत्यारांच्या पेटीत सापडली. कुठे विरलेली नाही.

गुरुवारी एकोणतीस तारखेला सकाळच्या गाडीने अक्काने तुम्हाला घेऊन यावं. मी स्टँडवर असेन. टांगा दारापर्यंत नेणार नाही, वेशीच्या देवापाशी थांबवीन, म्हणजे तिथून तुम्हाला गल्ली एका नजरेत दिसेल. देवापाशी दोरीचं टोक मदनलालशेठ धरून बसणार आहेत, दुसरं टोक पडवीतल्या दगडावर पितांबरराव. तुमच्या लेकराचा एवढा हट्ट पुरवावा.

गेरू मी भिजवून ठेवतो. झटका नानांनी द्यायचा आहे.

हिलाल