अकरा खेळ आणि एक शपथ

काल दुपारी माझ्या नावे पार्सल आले. त्यात निघाले ते असे: पुतणीच्या कारखान्यातला व्हिडिओ गेमचा नवा डबा एक, जॉयस्टिक दोन, टीव्हीला जोडायची वायर एक आणि चिठ्ठी एक. डब्याची किंमत खोक्यावर नऊ हजार चारशे छापली आहे. मला तो फुकट पडला, कारण भेट आहे. तिकिटे मात्र कमी लावली होती, म्हणून टपालवाल्याने बावीस घेतले. चिठ्ठीत लिहिले होते: "काकू, डबा छान झालाय. पण मुलं विचारतात, विहिरीचा खेळ यात का नाही? मी त्यांना काय सांगू?"

तिने काय सांगावे ते मी या मृत्युपत्रात लिहून ठेवीत आहे.

मी, वय एकाहत्तर, मॅट्रिक पास, आयुष्यभर घर आणि घराचा हिशेब सांभाळलेली बाई, देवापुढे बसून, कुणाच्याही सांगण्या-पढवण्यावाचून हे लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. थोरल्याला शंका असल्यास समोरच्या डॉक्टरीणबाईंना विचारावे. त्यांनी मला शंभरातून सात सात वजा करायला लावले. मी दोनपर्यंत गेले आणि वाटेत त्यांचीच एक चूक काढली.

कलम एक. राहते घर दोन्ही मुलांचे, निम्मे निम्मे. स्वयंपाकघराची भिंत पाडून हॉल मोठा करायचे थोरल्या सुनेच्या मनात आहे. मी गेल्यावर खुशाल पाडावी, त्याआधी टेप घेऊन फिरू नये.

कलम दोन. बांगड्या दोन्ही सुनांना सारख्या वजनाच्या दिलेल्या आहेत. सोनाराची पावती कपाटात आहे. भांडायचे असल्यास आधी ती वाचावी.

कलम तीन. आता मुख्य मालमत्ता. आमचे हे आणि धाकटे दीर यांनी एकाच टेबलावर पहिला डबा बनवला. खेळाचा नकाशा चौकटीचौकटींचा असतो आणि माझी हिशेबाची वही चौकटींची होती. हे म्हणाले, "जरा रंगव गं यात. इथे भिंत, इथे खड्डा." मी रंगवले. मग खड्डा कुठे असला म्हणजे पोरांना राग येतो पण सोडवत नाही, हे मलाच जास्त कळू लागले. अकराच्या अकरा खेळ त्या वह्यांतून निघाले, विहिरीचा त्यातलाच. कर वाचावा म्हणून ह्यांनी सगळ्या खेळांचे हक्क माझ्या नावे केले. "सही कर, नुसती कागदापुरती आहे," म्हणाले. मी केली. अजूनही ती कागदावर आहे आणि खरी आहे.

कलम चार. डब्यावर कुणाचे नाव वर, यावरून भाऊ वेगळे झाले. दीरांनी दुसऱ्या गल्लीत आपला डबा काढला. ह्यांनी लगेच खेळाच्या कॅसेटचा साचा दोन मिलिमीटर रुंद करून घेतला, आमचा खेळ त्यांच्या डब्यात शिरू नये म्हणून. पुतणी तेव्हा नऊ वर्षांची. खाऊचे पैसे साठवून तिने आमची विहिरीची कॅसेट विकत घेतली होती. ती आत जाईना, म्हणून आमच्याच पायरीवर बसून कडा दगडावर घासत होती. हे दारातून म्हणाले, "घास, घास! आतलं तुटलं की रडत घरी जाशील." आतले तुटलेच. पोरगी रडली नाही. मला म्हणाली, "काकू, खेळ तर तोच आहे ना?"

मी उत्तर दिले नाही. ह्यांच्यासमोर तेव्हा मी बोलत नसे. हा दोष माझ्या नावे लिहावा.

कलम पाच. ह्यांनी शेवटच्या आजारात माझा हात धरून शपथ घातली: "तू जिवंत आहेस तोवर आपला एकही खेळ त्याच्या डब्यावर जाणार नाही, म्हण." मी देवाला स्मरून म्हटले, आणि चौदा वर्षे पाळले. दीर गेले, कॅसेटी गेल्या, आता कुलूप सॉफ्टवेअरमध्ये घालतात, तरी पाळले. पुढेही पाळीन. पण शपथेची मुदत माझ्या श्वासापर्यंतच आहे. शब्द त्यांचे, मुदतही त्यांचीच. त्यापुढे मी त्यांचे काही देणे लागत नाही.

कलम सहा. अकरा खेळांचे हक्क दोन्ही मुलांना समान. अट अशी की मी गेल्यापासून नव्वद दिवसांत हे खेळ पुतणीच्या डब्यावर, आणि रास्त मोबदला देणाऱ्या दुसऱ्या कुणाच्याही डब्यावर खुले करावेत. जो मुलगा आडवा येईल त्याचा हिस्सा दुसऱ्याला. दोघे आडवे आले तर सगळे पुतणीला.

थोरल्याला हे परवा जेवताना सांगितले. त्याने घास खाली ठेवला.

"आई, लोक आपला डबा घेतात ते खेळांसाठी. तेच पलीकडे मिळाले तर आपला डबा कोण घेईल? हा आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा!"

"म्हणजे तुझ्या डब्यात खेळांवाचून चांगलं काही नाही, असं तूच म्हणतोस?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

धाकटा म्हणाला, "दादा, जेव. निवतंय."

"तू गप रे! बाबा असते तर..."

"बाबा असते तर मी गप्प बसले असते," मी म्हटले. "ते नाहीत."

तरी थोरल्याचे म्हणणे अगदीच वेडेपणाचे नाही. थोरला चालवतो त्या आपल्या कारखान्यात एकतीस माणसे आहेत आणि त्यांची चूल त्या डब्यावर पेटते. म्हणून माझी बँकेतील सर्व ठेव पहिल्या वर्षी त्यांच्या पगारासाठी बाजूला ठेवावी. यापुढे जो नवा खेळ निघेल तो पहिले सहा महिने फक्त आपल्या डब्यावर असावा. थोरल्याने दोन वर्षे मागितली होती. भाजीवालीशीही मी अशीच घासाघीस करते. तेवढ्या अवधीत डबा सुधारावा. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो, हे मी तीन वर्षे सांगत आहे.

मी रंगवलेला खड्डा कुणाही पोराने ओलांडावा. त्याच्या बापाने डबा कुठल्या दुकानातून आणला, हे मी विचारणार नाही.

कलम सात. दार दोन्ही बाजूंनी उघडते. पुतणीनेही आपले सर्व खेळ आमच्या डब्यावर त्याच मुदतीत द्यावेत. फुकटचा मोठेपणा मी करीत नाही.

कलम आठ. चौकटींच्या वह्या धाकट्याकडे राहाव्यात. रद्दीत घातल्यास वरून बघेन.

हे सर्व मी स्वतः लिहिले, वाचले आणि दोन्ही साक्षीदारांदेखत सही केली.

सही: घरची मालकीण
साक्षीदार: समोरच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार: कारखान्यातील सर्वांत जुना जोडणीकामगार, बुटक्या मास्तर (सही, "वहिनी, पंख्याचं खरं आहे" असे बोलून)
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: १७ नोव्हेंबर २०२३

एक प्रत पुतणीस रजिस्टर टपालाने.

बाळ, सातवे कलम दोनदा वाच. तुझ्या माणसांना विचार, तेही तुला थोरल्यासारखेच बोलतील. मग काय ते ठरव. नाही म्हणालीस तर मला सहावे कलम पुन्हा लिहावे लागेल, आणि डॉक्टरीणबाई हल्ली माझी नाडी धरून जास्तच वेळ गप्प बसतात. फोन करू नकोस, तोंडी होकारावर मी काही सोडत नाही. तुझ्या हाताने लिही, खाली सही कर आणि उलट टपाली कळव.