‘गुरांचे’ हा शब्द कोणी पुसला

आबा, साठी उलटल्यावर तुमची ही लेक ब्लॉग लिहायला लागली आहे. ब्लॉग म्हणजे शिनोलीच्या चावडीवरचा तुमचा फळाच समजा, फक्त हा फोनमध्ये असतो आणि कुणीही कुठूनही वाचू शकतो. तुम्ही ग्रामपंचायतीचे शिपाई. खडूनं पाण्याची वेळ, हरवलेली शेळी, लस टोचणारी नर्स कधी येणार हे लिहायचात आणि एसटीची वाट बघणारा प्रत्येक जण ते वाचायचा. माझ्या पहिल्या लेखाची सुरुवात ‘जगभरातील रसिक वाचकहो’ अशी होती. दोन दिवसांनी आकडा आला, वाचक तीन. मी हरखले. लेक म्हणाली, “आई, तिन्ही वेळा तूच उघडलंयस.”

दुसरा लेख ‘पहाट आणि जीवन’. हे घोडेगावहून दळण घेऊन आले होते, त्यांना बसवून मोठ्यानं वाचून दाखवला. “लई भारी,” ते म्हणाले, “पण त्यात झालं काय?” मी म्हटलं, पहाट झाली. “ती तर रोजच व्हती,” म्हणाले आणि पिठाचा डबा भरायला गेले. मला राग आला, मग हसू आलं, कारण हे मी आधी ऐकलेलं होतं. मी नऊ वर्षांची आहे. हट्ट करून तुमच्याकडून खडू घेतलाय आणि फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात ‘सूर्यनारायणाचे आगमन झाले’ असं लिहितेय. तुम्ही मागे उभे. “पोरी, सूर्य काय कुनाला न सांगता येतो व्हय? ज्यानं मान्साचं अडतं ते लिव्हावं.” पण ओळ पुसली मात्र नाहीत. खाली तुमच्या अक्षरात होतं, उद्या सकाळी गुरांचे डॉक्टर येणार, सर्वांनी चावडीपाशी घेऊन यावे.

दुसऱ्या दिवशी काय झालं ते तुम्हाला सांगायला नको. फळ्यावर नुसतं ‘डॉक्टर येणार’ उरलं होतं. ज्यांनी आधीच वाचलं होतं त्यांच्या दहा-बारा बैलांच्या शेजारी तेवढेच म्हातारे रांगेत खोकत उभे. वरच्या आळीतल्या एका आजोबांना तर सुनेनं पाठुंगळी आणलं होतं. डॉक्टर बिचारे भले. त्यांनी आजोबांची जीभ बघितली, सवयीनं पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “पानी जास्त पाजा, चार दिवस कामाला जुंपू नका.” आजोबा बरे झाले. सरपंचांनी मात्र भर चावडीत तुम्हाला झापलं आणि तुम्ही म्हणालात, “माझी बाही लागली आसंल.”

तिसरा लेख मी हाच लिहिला, तुमच्या बाहीसकट. आणि आबा, लोकांनी वाचला. तळेघरच्या एका बाईंनी लिहिलं की त्यांच्या सासऱ्यांनाही असंच औषध लागू पडेल. त्याखाली दादाची ओळ होती.

दादा माझ्याशी सहा वर्षं बोलत नव्हता. लेकीच्या लग्नाच्या पत्रिकेत सगळ्यांची नावं आली आणि सख्ख्या मामाचं राहिलं. बेल्ह्याहून तो आला, अक्षता टाकल्या आणि न जेवता गेला. छापखान्याची चूक, मी निरोप धाडला. उत्तर आलं नाही. आता लेकीनं मला न विचारता त्याला ब्लॉग पाठवला होता. त्यानं लिहिलं होतं, ‘आबांची बाही न्हवती. तुझा फ्रॉक व्हता. मी पाह्यलं व्हतं. शुद्धलेखन बरं हाय.’

खरं आहे. कोपऱ्यात हात पुरेना म्हणून मी फळ्याला चिकटून टाचा उंच केल्या आणि शब्द फ्रॉकनं पुसला गेला. मला कळलंही होतं. वाटलं, डॉक्टर येणार एवढं पुरे आहे. सरपंच तुम्हाला बोलत होते तेव्हा मी खांबामागे होते आणि दादा माझ्याकडे बघत होता. पन्नास वर्षांत त्यानं त्याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही.

मी फोन लावला. “कशी हायेस,” तो म्हणाला. मी म्हटलं, बरी. मग आम्ही त्या आजोबांवर इतके हसलो की त्याला ठसका लागला. येत्या रविवारी जेवायला येतोय. वांग्याचं भरीत कर म्हणाला.

हे पत्र मी ब्लॉगसाठी लिहायला घेतलं होतं, पण आता टाकत नाही. छापखान्याची चूक नव्हती, आबा. यादी मीच लिहिली होती आणि दादाचं नाव विसरले होते. ते त्याला फोनमध्ये वाचायला लागू नये. रविवारी समोर बसून सांगेन. भरीत वाढण्याआधी की नंतर, एवढंच अजून ठरत नाहीये.