तरीकाठचा जिताडा

मु. तळा,
ता. १३ नोव्हेंबर १९३४

ती. राहीआक्कास,

येसाजीचा शिरसाष्टांग दंडवत. भाऊबीजेहून सुखरूप पोचलो. धर्मादादाची झोडणी उरकली, भात बरं उतरलं. तांबडी गाय व्याली, कालवड झाली. तुझ्या वहिनीने नव्या भाताचे पोहे कांडून तुझ्यासाठी बांधून ठेवलेत.

हे पत्र तुला दाजी वाचून दाखवणार, हे मला ठाऊक आहे. दाजी, राग आला तरी मधे थांबू नका.

परवा बाजारात तुमच्या गावचा चांगदेव भेटला. म्हणाला, सोमवारी गावकीची बैठक आहे, बाबाजी तरीवाल्याला काढून खाडीवरची तर, ती माणसं उतरवायची होडी, दुसऱ्याला देणार, आणि दाजीच पुढे आहेत. तुमच्या घरातून पाच वर्षं त्याला तरीच्या मोबदल्याचं सुगीचं भात गेलेलं नाही, हे मी जाणून होतो. जाणून गप्प बसलो. आता म्हातारपणी तो कुठे जाईल?

पाच वर्षांमागे आईला शेवटची घरघर लागली त्या सकाळी दादाने मला तुला आणायला पिटाळलं. खाडीवर आलो तेव्हा भरती पुरी होती आणि बाबाजी तरीत माणसं घेत होता. वाटेच्या कडेला ठमीबाईची झोपडी आहे ना, गाडीवाले जेवायला थांबतात ती. तिने नुकताच जिताडा कापला होता. तव्यावर तुकड्या चरचरत होत्या.

आक्का, मनात आलं, आई आज नाहीतर उद्या जाणार. मग बारा दिवस सुतक, मासळीचं नाव काढता यायचं नाही. तेव्हा आत्ताच खाऊन घ्यावं. आई जिवंत होती गं, आणि मी तिच्या सुतकाचे दिवस मोजून जेवायला बसलो.

दोन तुकड्या, चिंचेचं कालवण, तांदळाची भाकरी. बाबाजीने काठावरून हाक मारली, "येसबा, पानी उतरतंय, चल बेगीन." आलोच म्हणून मी माशाचं डोकं चोखत राहिलो. मग तो स्वतः वर चालत आला. आई मरणाला टेकलीय हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पानावरून उठावं लागलं असतं. तिसऱ्या हाकेला पाठ फिरवली आणि भात मागून घेतला. मासा गोड होता. खोटं कशाला लिहू, ती चव अजून जिभेवर येते आणि माझी मलाच शिसारी येते.

हात धुऊन खाली गेलो, पण त्याची तर पलीकडे लागलेली, खाडीत नुसता चिखल. पुढची भरती चढेपर्यंत दिवस कलला. तुला घेऊन घरी पोचलो तोवर आईला पोचवून माणसं आंघोळी करून परतली होती. तू अंगणातच बसलीस. म्हणालीस, "येसा, इतका उशीर कसा रं केलास?" मी सांगून टाकलं, बाबाजी थांबला नाही, मी काठावरून हाका मारत राहिलो.

पुढे तू त्याला जाब विचारलास. तो खरं ते बोलला, येसबा मासा खात बसला होता. तू त्याला चारचौघांत खोटारडा म्हणालीस. आई मरणाच्या दारात असताना माझा भाऊ मासे खाईल व्हय, असं विचारलंस. तो वल्हं उचलून तरीकडे गेला, आणि खरं काय ते मी गिळलं.

या भाऊबीजेला सांगायचं ठरवूनच आलो होतो. तू ओवाळलंस आणि माझा धीर खचला.

सोमवारी मी बैठकीला येतोय. बाबाजीच्या शेजारी उभा राहून सगळ्यांसमक्ष हेच बोलेन. दाजी, तोवर त्याची तर काढू नका. आणि आक्का, त्यानंतर मला घरात घ्यायचं की दारातूनच परत धाडायचं, ते तू ठरव. मी गयावया करणार नाही.

आई जिवंत असताना तिला मेली धरून जेवलेला,
तुझा भाऊ
येसाजी