फरशीवरचा पाय

हुडको कॉलनी, रविवार संध्याकाळ

आमच्या निखिलनं आज दुपारपासून फोनवर इंग्लंडची खेडी दाखवली. फोन गाडीत समोर लावलेला, तो चालवून राहिला अन् मी इथं सोफ्यावर. मेंढ्या, दगडी घरं, सारं सुंदर. पण रस्ता इतका अरुंद, की दर वळणावर माझा उजवा पाय फरशीवर दाबला जाये. त्याले गाडी मीच शिकवली, तरी.

बायको हसली, "अहो, इथं कुठं ब्रेक आहे?"

मग एका घरापुढं त्यानं गाडी थांबवली. "बाबा, हे घर घेतलं आमी. आता इकडंच राहणार."

"चांगलं केलं," म्हणालो.

गाडी तर उभीच होती. मग पाय कायले दाबून ठेवला होता मी?